मुक्कामाचा हिशेब

काही महिन्यांपूर्वीची गोष्ट. रविवारची सकाळ होती. आमच्या शाखेतले जुने हेड कॅशियर डोंबिवलीहून ठाण्याला माझ्याकडे आले. बँकेतून निवृत्त होऊन आम्हा दोघांनाही बरीच वर्षे झाली. पण ते अजून मला ‘साहेब’ म्हणतात आणि मी त्यांना ‘कॅशियरसाहेब’. चहा झाला, वहिनींच्या गुडघ्यांची चौकशी झाली. मग त्यांनी पिशवीतून प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये नीट लावलेले दोन कागद काढून माझ्यापुढे ठेवले.

‘साहेब, तुम्ही जन्मभर लोकांची पगारपत्रकं वाचलीत. एवढं एक वाचा आणि सांगा, हा पगार पुरेल का?’

पगार त्यांच्या मुलाचा होता. मुलगा २०२२ च्या शरद ऋतूत बायको आणि तान्ह्या मुलीला घेऊन इंग्लंडला गेला. संगणक क्षेत्रात आहे. वर्षाला ४३ हजार पौंड. मी म्हटले, ‘अहो, चांगला आहे की! घरखर्च भागून थोडे शिल्लकही पडत असतील.’

‘घरखर्च भागतो हो. तिथे राहायला पुरेल का, असं विचारतोय मी.’

प्रश्न माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. कर्जासाठी पगार पुरेल का, हा प्रश्न मी चौतीस वर्षांत हजारो वेळा ऐकला आणि स्वतःही विचारला. पण एखाद्या देशात कायमचे राहायला मिळावे म्हणून पगार पुरेल का, हा प्रश्न माझ्या टेबलावर पहिल्यांदाच आला होता. त्या दिवसापासून मी या विषयाचे कागद वाचत आहे. बँकेतल्या माणसाची ही खोडच असते. आकड्यांच्या मागे कोणाचे घर आहे हे कळल्याशिवाय त्याला चैन पडत नाही.

स्टेशन आणि पगार

आपल्या पट्ट्यात पगार आणि पत्ता यांचे नाते नवे नाही. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली, पुढच्याच वर्षी रूळ कल्याणपर्यंत पोहोचले, आणि त्यानंतरच्या दीडशे वर्षांत या रुळांनी मराठी मध्यमवर्गाची उत्पन्नानुसार वाटणी करून टाकली. गिरगावात परवडेना तो दादरला गेला, दादरला परवडेना तो मुलुंड-ठाण्याला, तिथे जमेना तो डोंबिवली-कल्याणला, आणि आता त्याची मुले बदलापूरच्याही पुढे जागा पाहतात. माझा स्वतःचा पहिला ब्लॉक डोंबिवलीचा. ऐंशीच्या दशकात मी बँकेकडे घरासाठी कर्ज मागितले तेव्हा आमच्याच मॅनेजरांनी मूळ पगार आणि महागाई भत्ता यांची बेरीज केली, हप्ता काढला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहत म्हणाले, ‘ठाणे विसरा. डोंबिवलीत बसते.’ ठाण्यात यायला मला पुढे सोळा वर्षे लागली.

म्हणजे पगार पाहून माणसाचे स्टेशन ठरवण्याचा अनुभव आम्हाला आहे. पण एक गोष्ट मात्र कधी झाली नाही. पगार कमी पडला म्हणून कोणी आम्हाला पाच वर्षांनी गावी परत जा म्हणाले नाही. डोंबिवलीत एकदा बिऱ्हाड मांडले की तिथे राहण्याचा हक्क पगारावर अवलंबून नव्हता. पगार कमी असेल तर माणूस काटकसर करायचा, बायको शिकवण्या घ्यायची, एखादी खोली भाड्याने दिली जायची. घर चालायचे.

आज डोंबिवलीच्या पूर्वेला किंवा ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर अशी इमारत सापडणे कठीण, जिच्यात एखादे तरी जोडपे ‘मुलगा बाहेर आहे’ असे सांगत नाही. वागळे इस्टेट ही एकेकाळी कारखान्यांच्या भोंग्यांची जागा. बाप तिथल्या कारखान्यात पाळी करायचा, आणि मुलगा त्याच वागळे इस्टेटमधल्या पासपोर्ट सेवा केंद्राच्या रांगेत उभा राहून परदेशी गेला. या एका पिढीच्या अंतरात राहण्याच्या हक्काचा हिशेब कसा बदलला, हे पाहण्यासारखे आहे.

हलणारी रेघ

इंग्लंडचेच उदाहरण घेऊ. एकतर कॅशियरसाहेबांचा मुलगा तिथे आहे आणि दुसरे म्हणजे या देशाने गेल्या पंचवीस वर्षांत नियमांची रेघ जितक्या वेळा हलवली, तितकी क्वचितच कोणी हलवली असेल.

जानेवारी २००२ मध्ये ब्रिटनने उच्च कौशल्य असलेल्या परदेशी लोकांसाठी ‘हायली स्किल्ड मायग्रंट प्रोग्रॅम’ सुरू केला. शिक्षण, अनुभव, पूर्वीचे उत्पन्न यांना गुण होते. उत्पन्न मोजताना अर्जदार कोणत्या देशात कमावत होता, हे पाहून देशांचे गट पाडलेले होते, कारण मुंबईचा पगार आणि न्यूयॉर्कचा पगार एका तराजूत टाकता येत नाही, एवढे तारतम्य त्या योजनेत होते. आपल्याकडची कितीतरी मुले नोकऱ्या सोडून, घरे विकून या योजनेतून गेली. कारण योजनेचा अर्थ सरळ होता: या, कष्ट करा, मुक्काम पक्का होईल.

एप्रिल २००६ मध्ये कायम वास्तव्यासाठी लागणारी चार वर्षांची मुदत पाच वर्षांची झाली. नोव्हेंबर २००६ मध्ये गुणांची मोजपट्टीच बदलली. अनुभवाचे गुण गेले, वय आणि आधीची कमाई यांचे वजन वाढले, आणि ही नवी पट्टी आधीच तिथे गेलेल्यांनाही लावली गेली. तेव्हा या स्थलांतरितांनी ‘एचएसएमपी फोरम’ नावाची संघटना काढली, वर्गणी गोळा केली आणि लंडनच्या उच्च न्यायालयात सरकारवर दावा लावला. ८ एप्रिल २००८ रोजी सर जॉर्ज न्यूमन यांनी निकाल दिला, तो स्थलांतरितांच्या बाजूने. ज्या अटींवर माणसांना बोलावले त्या अटी सरकारने पाळल्या पाहिजेत, हे त्याचे सार. मुदत चाराची पाच करण्याच्या प्रश्नावरही पुढच्या वर्षी, एप्रिल २००९ मध्ये, याच संघटनेच्या बाजूने निकाल लागला. परक्या देशात, परक्या कोर्टात, त्याच देशाच्या सरकारविरुद्ध. इंग्रजांच्या न्यायव्यवस्थेबद्दल आपल्या आजोबांच्या पिढीत जो एक आदर होता, तो अगदीच निराधार नव्हता, असे अशा वेळी वाटते.

पण सरकारेही शिकतात. २०१२ साली ब्रिटिश सरकारने जाहीर केले की नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांना एप्रिल २०१६ पासून कायम वास्तव्य हवे असेल तर वर्षाला किमान ३५ हजार पौंड पगार लागेल, आणि एप्रिल २०११ नंतर आलेल्यांना ही अट लागेल. या वेळी आधी सांगून अट घातली होती. ती रुग्णालयातल्या परिचारिकांना झेपणारी नव्हती. मग कमतरता असलेल्या व्यवसायांच्या यादीत परिचारिकांचा समावेश करून त्यांची सुटका करावी लागली. डिसेंबर २०२० मध्ये नवी पद्धत आली आणि ३५ हजारांची ती रेघ पुसली गेली. पुढे नोकरीच्या व्हिसासाठी किमान पगार एप्रिल २०२३ मध्ये २६ हजार २०० पौंड होता. ४ एप्रिल २०२४ रोजी तो ३८ हजार ७०० झाला, म्हणजे वर्षभरात जवळजवळ ४८ टक्क्यांची वाढ. २२ जुलै २०२५ पासून ४१ हजार ७००. कॅशियरसाहेबांच्या मुलासारख्या आधी गेलेल्यांना कमी आकड्याची सवलत ठेवली, हे खरे. त्या हिशेबाने त्याचा पगार व्यवस्थित बसत होता आणि २०२७ मध्ये पाच वर्षे पुरी होणार होती. आईवडिलांनी कॅलेंडरावर ते वर्ष मनातल्या मनात गोल करून ठेवले होते.

आणि २० नोव्हेंबर २०२५ रोजी तिथल्या गृहमंत्री शबाना महमूद यांनी नवा प्रस्ताव मांडला. कायम वास्तव्य आता ‘कमवावे’ लागेल. मूळ मुदत पाचऐवजी दहा वर्षे. सलग तीन वर्षे ५० हजार २७० पौंडांच्या वर करपात्र उत्पन्न असेल तर पाच वर्षांची सूट. १ लाख २५ हजार १४० पौंडांच्या वर असेल तर सात वर्षांची, म्हणजे तीनच वर्षांत मुक्काम पक्का. पदवीपेक्षा कमी कौशल्याच्या कामावर आलेल्यांना मूळ मुदत पंधरा वर्षे. सरकारी मदत घेतली तर आणखी वर्षे वाढणार. आणि हे सगळे आधीच तिथे असलेल्या, पण पक्का दाखला हाती न पडलेल्या लोकांनाही लागू करावे, त्यांना काही सवलत द्यावी का, यावर १२ फेब्रुवारी २०२६ पर्यंत जनतेची मते मागवली.

कॅशियरसाहेबांनी आणलेल्या दुसऱ्या कागदावर हेच आकडे होते. मुलाचा पगार ४३ हजार. रेघ ५० हजार २७०. सात हजार दोनशे सत्तर पौंड कमी, म्हणून पाच वर्षे जास्त. २०२७ चे २०३२.

बँकेच्या चष्म्यातून

आता हे आकडे मी कर्जाच्या अर्जासारखे तपासले. पहिली गोष्ट लक्षात आली ती अशी, की हे तीनही आकडे ब्रिटिश प्राप्तिकराच्या पायऱ्या आहेत. प्रस्तावात किमान अट म्हणून १२ हजार ५७० पौंडांच्या वर उत्पन्न तीन ते पाच वर्षे असले पाहिजे असे म्हटले आहे. ही तिथली करमुक्त उत्पन्नाची मर्यादा. ५० हजार २७० ही ४० टक्के कर सुरू होण्याची रेघ आणि १ लाख २५ हजार १४० ही सर्वांत वरच्या कराची. म्हणजे माणसाची लायकी ठरवायला सरकारने नवे काही शोधलेले नाही. प्राप्तिकर खात्याच्या तक्त्यात तो कोणत्या रकान्यात पडतो, एवढेच पाहिले आहे.

दुसरी गोष्ट, तिथला पगार म्हणजे आपण समजतो तो पगार नव्हे. आपल्याकडे मूळ पगार, महागाई भत्ता, घरभाडे, प्रवास असे करत करत बेरीज फुगते. तिथल्या नोकरीच्या व्हिसासाठी मात्र हमी असलेला मूळ पगारच मोजतात. ओव्हरटाइम, बोनस, भत्ते धरत नाहीत. शिवाय सर्वसाधारण किमान आकडा आणि त्या विशिष्ट व्यवसायाचा ठरवून दिलेला दर, यांत जो जास्त तो लागतो. त्यामुळे इथे बसून ‘अमक्याला पन्नास लाख मिळतात’ असे पौंडाचे रुपये करून सांगणाऱ्यांनी जरा थांबावे. रेघ पौंडात आहे, घरभाडे पौंडात आहे, आणि लंडनमध्ये व उत्तरेकडच्या एखाद्या स्वस्त शहरात रेघ एकच आहे.

तिसरी गोष्ट जुन्या बँकरला लगेच ओळखीची वाटेल. आमच्याकडे कर्जाला येणाऱ्या काही दुकानदारांचे दोन ताळेबंद असत. प्राप्तिकरासाठी नफा कमी दाखवणारा आणि बँकेसाठी जास्त दाखवणारा. ब्रिटनमध्ये ‘टियर वन जनरल’ या जुन्या वर्गातल्या अनेकांवर नेमका हाच आरोप झाला, की व्हिसाला उत्पन्न जास्त दाखवले आणि कर खात्याला कमी. काहींनी ते केलेही असेल. पण काहींच्या हिशेबात निव्वळ चूक होती आणि ती त्यांनी स्वतःहून दुरुस्त केली होती, तरी त्यांना अप्रामाणिक ठरवून अर्ज फेटाळले गेले. एप्रिल २०१९ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने ‘बालाजीगारी’ खटल्यात सरकारला बजावले, की अप्रामाणिकपणाचा संशय असेल तर त्या माणसाला आधी तसे सांगा आणि त्याचे म्हणणे ऐका. हा धडा सर्वांसाठी आहे. जिथे उत्पन्नावर मुक्काम ठरतो तिथे उत्पन्न फुगवण्याचा मोह होणार, आणि जिथे मोह होतो तिथे सरळ माणूसही संशयाच्या जाळ्यात येणार.

चौथी गोष्ट खर्चाची. तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या प्रौढाला तिथे आरोग्य अधिभार म्हणून वर्षाला १ हजार ३५ पौंड भरावे लागतात आणि मुलाला ७७६, आणि हे फेब्रुवारी २०२४ पासूनचे दर आहेत. कर भरायचा तो वेगळाच. नवराबायको आणि एक मूल यांची पाच वर्षे वाढली तर याच दराने नुसत्या अधिभाराचे १४ हजार २३० पौंड होतात. व्हिसाच्या नूतनीकरणाचे शुल्क निराळे. कमी पगारवाल्याने जास्त वर्षे थांबायचे आणि थांबण्याचे भाडेही त्यानेच जास्त भरायचे, असा हा हिशेब आहे. सावकारी व्याजाची रीत याहून फार वेगळी नसते.

सुनेचा रकाना

मला सर्वांत जास्त खटकला तो मात्र वेगळाच रकाना. आतापर्यंत नवऱ्याला पक्का दाखला मिळाला की बरोबर आलेल्या बायकोलाही तो मिळत असे. नव्या प्रस्तावात प्रत्येकाने आपापल्या बळावर पात्र व्हायचे. कॅशियरसाहेबांची सून कल्याणच्या महाविद्यालयातून एम.कॉम. झालेली. इथे असताना एका खासगी कंपनीत हिशेबाचे काम करायची. तिकडे गेली ती तान्ह्या मुलीला कडेवर घेऊन. पाळणाघराचा खर्च तिला मिळणाऱ्या पगाराइतकाच होता, म्हणून ती घरी राहिली. मुलगी शाळेत जाऊ लागल्यावर आता दिवसाचे दोन-तीन तास कुठेतरी काम करते.

एप्रिल २०२५ मध्ये तिथले किमान वेतन तासाला १२ पौंड २१ पेन्स होते. १२ हजार ५७० पौंड मिळवायला आठवड्याला साधारण वीस तास, वर्षाचे बावन्न आठवडे, असे तीन ते पाच वर्षे. हे अशक्य नाही. पण मधे दुसरे मूल झाले, किंवा सासूच्या गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी दोन महिने डोंबिवलीला यावे लागले, तर? बाळंतपण किंवा आजारपण यांना सूट द्यावी का, हाही त्यांनी लोकांच्या मतासाठी ठेवलेला मुद्दा होता. म्हणजे उत्तर अजून ठरायचे होते. घरी केलेल्या कामाला राष्ट्रीय उत्पन्नात जागा नसते, हे आपण अर्थशास्त्रात शिकलो. आता राहण्याच्या हक्कातही ते काम शून्य धरले जाईल.

यजमानाची बाजू

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. कोणत्या पाहुण्याला कायमचे ठेवून घ्यायचे, हे ठरवण्याचा अधिकार यजमानाचा आहे. २०२३ मध्ये ब्रिटनमधले निव्वळ स्थलांतर वर्षाला नऊ लाखांच्या वर गेले होते. इतकी माणसे एकदम आली की घरे, शाळा, दवाखाने यांच्यावर ताण येतो हे डोंबिवलीकराला समजावून सांगण्याची गरज नाही. सकाळी आठची गाडी पकडणाऱ्याला तो ताण पाठीच्या कण्यात कळतो.

पगाराची किमान अट मुळात वाईट नाही. ती नसेल तर मालक परदेशी कामगाराला स्वस्तात राबवतो आणि स्थानिकाचा पगार पाडतो. ऑस्ट्रेलियाने कुशल स्थलांतरितांच्या किमान पगाराची रेघ २०१३ पासून तब्बल दहा वर्षे ५३ हजार ९०० डॉलरवर गोठवून ठेवली. महागाई वाढत गेली, रेघ तिथेच राहिली आणि ‘कुशल’ या शब्दाचा अर्थ पातळ होत गेला. जुलै २०२३ मध्ये ती एकदम ७० हजारांवर न्यावी लागली. म्हणजे रेघ हलवलीच नाही तरी नुकसान होते.

तेव्हा माझा आक्षेप रेघेला नाही. दोन वेगळ्या रेघांची गल्लत करण्याला आहे. नोकरी देताना किमान पगार पाहणे हे कामगाराचे संरक्षण आहे. कायम वास्तव्य देताना जास्त पगारवाल्याला तीन वर्षे आणि कमी पगारवाल्याला दहा-पंधरा वर्षे, हा मात्र माणसांचा दरपत्रक आहे. कर जास्त भरणारा देशाला जास्त उपयोगी, हे त्यामागचे गृहीतक. पण पगार ठरतो तो व्यवसायाच्या बाजारभावाने. आजारी म्हाताऱ्याचे अंग पुसणाऱ्या बाईचा पगार कमी आहे, याचा अर्थ तिची गरज कमी आहे असा होत नाही. नाहीतर तिला बोलावलेच का असते?

आणि दुसरा आक्षेप भर रस्त्यात अटी बदलण्याला. बँकेत आम्ही बदलत्या व्याजाचे कर्ज देत असू. व्याज वाढले की ग्राहक भांडायला यायचा. मी त्याला करारातले कलम दाखवायचो: ‘हे पाहा, तुमची सही आहे.’ व्हिसाचे कागदही तसेच असतात. नियम बदलणार नाहीत अशी हमी त्यांत नसते. कायद्याने ते बरोबर असेलही. पण व्याज बदलताना आम्ही ग्राहकाने फेडलेले हप्ते कधी पुसून टाकले नाहीत. तिथे तीन-चार वर्षे राहून, कर भरून, मुलीला शाळेत घालून बसलेल्या माणसाला ‘आता आणखी पाच वर्षे’ असे सांगणे हे फेडलेले हप्ते पुसण्यासारखेच आहे. २००८ चा निकाल म्हणूनच आजही वाचण्यासारखा आहे.

इतर देशांचे मार्ग निरनिराळे. अमेरिकेत ग्रीन कार्डाला असा सरळ पगाराचा आकडा नाही, पण कोणत्याही एका देशाला वर्षाला सात टक्क्यांहून जास्त वाटा नाही, त्यामुळे भारतीयांची रांग वर्षानुवर्षे सरकत नाही. त्यातच सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लावले गेले, आणि डिसेंबरमध्ये सोडतीत जास्त पगारवाल्याला झुकते माप देण्याचा नियम झाला. जर्मनीने ब्लू कार्डासाठी २०२५ मध्ये ४८ हजार ३०० युरोंची रेघ ठेवली होती, कमतरतेच्या व्यवसायांना त्याहून कमी. पण पुढचा मुक्काम तिथे भाषेवरही अवलंबून आहे. कामचलाऊ जर्मन येत असेल तर सत्तावीस महिने, जरा बरी येत असेल तर एकवीस. ठाण्यात जर्मन शिकवणाऱ्या वर्गांच्या पाट्या वाढल्या आहेत त्यामागे हे गणित आहे. पगार वाढवणे मालकाच्या हातात असते, भाषा शिकणे आपल्या. पाहुण्याला स्वतःच्या कष्टाने ओलांडता येईल असा उंबरठा मला जास्त न्याय्य वाटतो.

आपला आरसा

हे सगळे लिहिताना एक गोष्ट मनात टोचत राहते. आपणही माणसांना मुदतीने मोजतो. महाराष्ट्रात अधिवासाचा दाखला हवा तर पंधरा वर्षांच्या वास्तव्याचे पुरावे लागतात. झोपडीला संरक्षण हवे तर कधी १ जानेवारी १९९५, कधी १ जानेवारी २००० अशा तारखेच्या आधीचा कागद लागतो. बिहारहून आलेला बांधकाम मजूर घोडबंदरच्या ज्या मनोऱ्याच्या विटा रचतो, त्याच मनोऱ्यात राहणारे आपण ‘हे लोक कायमचे राहतात’ म्हणून कुरकुरतो, आणि संध्याकाळी आपल्या मुलाला परदेशात कायमचे राहू देत नाहीत म्हणून हळहळतो. राज्यघटनेने भारतीयाला देशात कुठेही स्थायिक होण्याचा हक्क दिला आहे, आणि तो पगार विचारून दिलेला नाही. या हक्काचे मोल कळायला आपल्या मुलाला दुसऱ्याच्या दारात उभे राहावे लागले.

भारत आणि ब्रिटन यांच्यात जुलै २०२५ मध्ये व्यापार करार झाला. त्याच्या जोडीने तात्पुरते काम करायला जाणाऱ्यांचा सामाजिक सुरक्षेचा दुहेरी भार तीन वर्षे टळेल अशी व्यवस्थाही ठरली. चांगलेच आहे. पण त्यापुढे जाऊन, जे आधीच तिथे गेले आहेत त्यांना जुन्या अटी लागू राहाव्यात, एवढे आपल्या सरकारने ठामपणे मांडायला हवे. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने कुशल मनुष्यबळ पाठवण्यासाठी जर्मनीतल्या बाडेन-व्यूर्टेम्बर्ग राज्याशी करार केला. माणसे पाठवताना ती तिथे किती वर्षांनी, कोणत्या पगारावर, बायकोमुलांसह पक्की होतील, हे कलम आधी वाचावे. मालाची निर्यात करणारा व्यापारीही पैसे कधी मिळणार हे विचारल्याशिवाय माल जहाजावर चढवत नाही.

कॅशियरसाहेबांना मी हे सगळे सांगितले. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, ‘साहेब, लोकांना वाटतं, मुलगा तिकडे कायमचा राहावा म्हणून मी हा उपद्व्याप करतोय. तसं नाही हो. आत्ताच्या व्हिसावर त्याला बारा महिन्यांत एकशेऐंशी दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहता येत नाही. नोकरी सोडली तर साठ दिवसांत दुसरी धरा, नाहीतर परत फिरा. कायमचा शिक्का बसला, की दोन वर्षांपर्यंत बाहेर राहिला तरी तो शिक्का जात नाही. म्हणजे हिच्या गुडघ्यांच्या वेळी तो वर्षभर येऊन राहू शकेल. शिक्का तिकडचा हवाय तो इकडे येता यावं म्हणून.’

मी काही बोललो नाही. आईवडिलांना तिकडे नेण्याचे दार २०१२ पासून जवळजवळ बंदच आहे. इथे काळजी घेणे कोणत्याही उपायाने शक्यच नाही, असे सिद्ध करावे लागते, आणि डोंबिवलीत पैसे टाकले की बाई मिळते, हे कोणालाही माहीत आहे. त्यामुळे म्हातारपणी मुलाचा सहवास हवा असेल तर एकच वाट, मुलाने यायचे. आणि त्या वाटेवर आता ५० हजार २७० चा आकडा उभा आहे. तिथल्या मंत्र्यांच्या तक्त्यात कॅशियरसाहेबांचा किंवा वहिनींच्या गुडघ्यांचा रकाना नाही. असण्याचे कारणही नाही. पण पाच वर्षांची किंमत तिशीतल्या मुलाला वेगळी असते आणि सत्तरीकडे निघालेल्या बापाला वेगळी, हे ज्याला कळत नाही त्याला माणसांचा हिशेब येतो असे मी म्हणणार नाही.

निघताना त्यांनी दोन्ही कागद पुन्हा फोल्डरमध्ये घातले, कडा जुळवल्या, नोटांची थप्पी ठोकून सरळ करावी तसे टेबलावर हलकेच ठोकले. चाळीस वर्षांची सवय. जिन्यापर्यंत पोहोचवायला गेलो तेव्हा म्हणाले, ‘मुलाला सांगतो, पगारवाढ माग.’ आणि मग जरा थांबून, ‘सात हजार दोनशे सत्तर. फार नाही ना, साहेब?’

‘फार नाही,’ मी म्हटले. आम्ही दोघेही आयुष्यभर पैसे मोजलेली माणसे. दोघांनाही ठाऊक होते, की ती रक्कम जमेल तोवर रेघ कुठे असेल, हे कोणीच सांगू शकत नाही.